बाबा अजून पितात, तरी चार तारे

पंधराव्या वर्षी या आधारगटात पहिल्यांदा गेलो तेव्हा खिशात एक पेन होतं. बाबांच्या बाटलीच्या लेबलवर मी त्याने खुणा करायचो. रात्री किती उतरली ते सकाळी बघायचं आणि दिवस कसा जाणार याचा अंदाज बांधायचा. तीन वर्षं दर आठवड्याला गेलो. आता वयात बसत नाही म्हणून बाहेर पडलो, तेव्हा हे लिहून टाकतो.

घरात कुणी दारू पिणारं असलेल्या तेरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी हा गट आहे. फी नाही. पिणाऱ्याने सोडलेलीच पाहिजे अशी अटही नाही. घरात कुणी पिणारं असलेल्या पोरांचे अलाटीन नावाचे गट असतात. हा गट त्यांचा नाही, पण बसायची रीत तिथलीच. अलाटीन १९५७ साली कॅलिफोर्नियात एका पोराने सुरू केलं. त्याचे वडील दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसला जायचे, आई पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या अल-अनॉनला. आईबापांना बसायला जागा होती, पोराला नव्हती. हे ऐकून मला उगाच बरं वाटलं.

गोल करून बसायचं, नुसतं पहिलं नाव सांगायचं, दुसऱ्याला सल्ला द्यायचा नाही. बोलायचं नसेल तर 'पुढे' म्हणायचं. मी दोन महिने 'पुढे'च म्हणत होतो, कुणाच्या कपाळावर आठी आली नाही. इथलं बोलणं इथेच राहतं. पण घरी मारहाण होत असेल किंवा जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर आम्हाला पुढे सांगावं लागेल, हे गट घेणाऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं. ते मला आवडलं.

तीन वाक्यं तिथे सारखी कानावर पडतात: दारू तुझ्यामुळे लागलेली नाही, तुला ती आवरता येणार नाही, तुला ती बरी करता येणार नाही. पाठ झाली, पण पटेनात. माझा हिशोब वेगळा होता, नव्वद टक्के आणले की बाबा सोडतील. आणले. त्या आनंदात ते आणखी प्यायले. तेव्हापासून कुणी हुशार म्हणालं की वाटायचं, याला घरचं माहीत नाही म्हणून म्हणतोय. सॉरी तर इतक्यांदा म्हणायचो की वर्गात त्याच नावाने हाक मारायचे.

एकदा ताईंनी कागद दिला, "घरात काय काय करतोस ते लिही." मी अकरा कामं लिहिली. दाराच्या कुलपात किल्ली किती वेळ खरखरते त्यावरून बाबा किती प्यायलेत ते ओळखणं, धाकट्याला हेडफोन लावून झोपवणं, बाबांच्या ऑफिसला ताप आल्याचं कळवणं, बाटलीवरची खूण. त्यांनी वाचलं आणि एवढंच विचारलं, "यातलं तुझ्या वयाचं कोणतं?" मी बराच वेळ कागदाकडे बघत बसलो. धाकट्याचं काम ठेवलं, ऑफिसचा फोन बंद केला. बाबा चार दिवस बोलले नाहीत. जीव टांगणीला लागला होता, पण आभाळ कोसळलं नाही. पेनाची सवय सुटायला मात्र वर्ष गेलं.

उपयोगी पडलं ते साधंच. प्यायलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही, तो चालवत असेल त्या गाडीत बसायचं नाही, रात्री-अपरात्री फोन करता येईल असं एक मोठं माणूस आधीच ठरवून ठेवायचं.

आता तक्रारी. हातात देतात ती पत्रकं कुणी लिहिली कोण जाणे. 'समायोजन कौशल्ये' वाचून कुठलं पोर थांबेल? श्वासाचे व्यायाम मला कधीच जमले नाहीत. मधे एक सर आले होते, ते सारखे 'वडिलांना माफ कर' म्हणायचे. दोन मुली त्यानंतर यायच्या बंद झाल्या.

आणि वेळ. संध्याकाळी सात! आमच्यासारख्या घरांत नेमकं त्याच वेळी कुणीतरी हजर लागतं. मी गटात बसून घड्याळाकडे बघायचो, धाकटा एकटा असायचा. आता तो तेरा वर्षांचा झालाय, यायचं म्हणतोय. वेळ साडेचारची करा, पाचवा तारा लगेच देतो.