वाचनालय जगवायचं कशावर? अनुदान, अभ्यासिका की वस्ती

मार्च सरत आला की नागपुरातल्या लहान वाचनालयांच्या बैठकीत एकच प्रश्न असतो: अनुदानाचा दुसरा हप्ता आला का, आणि आला नसेल तर ग्रंथपालाला काय द्यायचं? दिवस ओढाताणीचे आहेत. अशात पुढच्या वर्षाचा विचार करणाऱ्या कार्यकारिणीसाठी हे लिहितो आहे. अशाच एका लहान वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी बरीच वर्षं काढली आहेत आणि यातली प्रत्येक वाट चालून पाहिली आहे.

आधी अनुदान. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार मान्यताप्राप्त वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि त्याप्रमाणे परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवण्याच्या खर्चासाठीचं अनुदान, मिळतं. 2012 नंतर दशकभर वाट पाहिल्यावर त्यात 60 टक्के वाढ झाली आणि सगळ्यांत खालच्या ड वर्गाचे वर्षाचे 30,000 रुपये 48,000 झाले. ऐकून बरं वाटलं होतं. मग भागाकार केला. महिन्याला 4,000. त्यातला निम्मा भाग वेतनाचा, म्हणजे रोज कुलूप उघडणारा, देवघेव सांभाळणारा, नव्या पुस्तकांची दाखल नोंदवही लिहिणारा माणूस 2,000 रुपयांत. उरलेल्या 2,000 मध्ये पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज आणि जागा भाड्याची असेल तर भाडंही. क वर्गात गेलात तर आकडा बराच मोठा होतो, पण वर्गबदल आणि नवी मान्यता 2012 नंतर बराच काळ थांबलेलीच होती. शिवाय राज्याची तिजोरी आटली की कात्री सगळ्यांनाच लागते. टाळेबंदीत 4 मे 2020 रोजी वित्त विभागाने अर्थसंकल्पी तरतुदीच्या 33 टक्केच निधी मिळेल असं विभागांना कळवलं होतं, ते कोणत्याही कार्यकारिणीने विसरू नये.

तरीही अनुदान सोडू नका. त्याच्यामुळे लेखापरीक्षण वेळेवर होतं, वार्षिक अहवाल जातो, कार्यकारिणीतल्या बदलांचे धर्मादाय आयुक्तांकडचे फेरफार अर्ज तुंबत नाहीत. पुढे कोणाकडेही पैसे मागायला गेलात तर हीच कागदपत्रं विचारतात.

अभ्यासिकेचा मोह सगळ्यांत मोठा, आणि तो मला समजतो. शहरात स्पर्धा परीक्षेची मुलं भरपूर, घरात जागा नाही, बारा-बारा तास बसायची तयारी आणि दर महिन्याला रोख शुल्क. वाचकाची वर्षाची वर्गणी जेवढी, जवळपास तेवढं ही मुलं महिन्याला देतात. आम्हीही काढली. टेबलं मावावीत म्हणून बालविभागाची कपाटं मागच्या व्हरांड्यात नेली. नागपूरचा मे महिना आणि पत्र्याखालचा व्हरांडा. मुलं येईनाशी झाली. वर्तमानपत्रं वाचायला येणारे ज्येष्ठही पान उलटल्याचा आवाज नको म्हणून उठून जाऊ लागले. पैसे आले, पण कूलर, पाणी आणि वीज यांतच बरेचसे गेले. पुस्तकं घरी नेणारे वाचक मात्र घटले, ते घटलेच. अभ्यासिका काढायचीच असेल तर वाचनकक्षाला हात लावू नका, हिशेब वेगळा ठेवा आणि संध्याकाळचे दोन तास मुलांसाठी राखून ठेवा. वीजबिलावर व्यावसायिक दर लागला आहे का तेही पाहा. सार्वजनिक वाचनालयं सार्वजनिक सेवेच्या वर्गात येतात.

कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीबद्दल थोडक्यात. 2013 च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक वाचनालयं उभारण्याचा उल्लेख आहे, आणि वेकोलि (कोळसा), मॉईल (मँगनीज) या सरकारी खाण कंपन्यांची मुख्यालयं इथेच नागपुरात आहेत. आयकर खात्याची 12ए, 80जी आणि कंपनी मंत्रालयाची सीएसआर-1 ही नोंदणी असेल तर जरूर अर्ज करा. पण ‘उभारणं’ हा शब्द नीट वाचा. छत, कपाटं, संगणक यांसाठी असा पैसा मिळू शकतो. ग्रंथपालाचा पगार त्यातून वर्षानुवर्षं निघेल असं धरून चालू नका. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानची समान निधी योजनाही (यात राज्य आणि प्रतिष्ठान दोघंही वाटा उचलतात) अशीच, एखाद्या कामापुरती उपयोगी.

राहिली वस्ती. दीडशे घरांनी महिन्याला 50 रुपये दिले तर वर्षाचे 90,000 होतात, म्हणजे ड वर्गाच्या त्या 48,000 च्या जवळपास दुप्पट. मात्र हे काम दमवणारं आहे. दर महिन्याला कुणीतरी दारोदार जावं लागतं आणि महागाई वाढली की पहिली वर्गणी आपलीच बंद होते. हातावर पोट असलेल्या वस्तीत तर हा भार लोकांवर टाकूच नये. तिथे सदस्यत्व फुकट ठेवा आणि देणगी बाहेरून आणा. हे सगळं मान्य करूनही मी या वाटेला पहिला क्रमांक देतो.

कारण सांगतो. डिसेंबरात अधिवेशन असलं की आपल्या शहरात राज्यभरातले मोर्चे येतात, आणि वेतनश्रेणी मागणारे ग्रंथालय कर्मचारीही त्यांत असतात. एका वर्षी आम्ही एका कार्यालयात वाढीव अनुदानाचं निवेदन दिलं. साहेबांनी विचारलं, ‘‘सदस्य किती? त्यातले रोज येतात किती?’’ आमच्याकडे कार्यकारिणीच्या अकरा सह्या होत्या, बाकी काही नव्हतं. पुढच्या खेपेला रोजच्या हजेरीची वही, सदस्यांच्या सह्या आणि सोबत तीन आज्या नेल्या. बोलणं आधीपेक्षा दुप्पट वेळ चाललं. मार्च 2022 मध्ये महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा ओळखीचा नगरसेवक हा एकमेव आधार असलेली वाचनालयं कुणाकडे जावं या विचारात पडली. ज्यांच्याकडे हजेरीची वही होती, त्यांना कुठल्याही टेबलापुढे उभं राहता येत होतं.

मागायचं काय, तेही ठरवा. कर्नाटकात 1965 च्या कायद्याने मालमत्ता करावर 6 टक्के ग्रंथालय उपकर आहे. आपल्या कायद्यात उपकरच नाही. पण बंगळूरूत गोळा झालेला उपकर महापालिकेकडेच अडकल्याच्या तक्रारी आहेत. म्हणून मागणी करताना उपकर आणि तो ठरलेल्या तारखेला वाचनालयांपर्यंत पोहोचवण्याची सक्ती, दोन्ही एकाच वाक्यात लिहा.

सदस्य शंभरापेक्षा कमी असतील तर हे वर्ष फक्त सदस्यनोंदणीला द्या आणि अनुदानाचे कागद चोख ठेवा. सदस्य भरपूर आहेत आणि स्वतंत्र खोलीही आहे, तर अभ्यासिका काढायला हरकत नाही. हजेरीची वही मात्र दोघांनीही एक एप्रिललाच सुरू करा, म्हणजे डिसेंबरपर्यंत आठ महिन्यांच्या नोंदी हातात असतील.