ब्रँड आयडेंटिटी शिकायची: कॉलेजात की छापखान्यात?

ब्रँड आयडेंटिटी म्हणजे लोगो, रंग, अक्षरं यांतून उभी राहणारी ब्रँडची ओळख. ती शिकायला पणजीला आल्तिन्होवरच्या गोवा कला महाविद्यालयात अप्लाइड आर्टची (जाहिरात, छपाई अशा वापरासाठीच्या कलेची) पदवी चार वर्षांची. अक्षररचना, रंगसंगती पायापासून होते आणि चुका करायला सवड मिळते.

म्हापशातल्या एखाद्या छापखान्यात मात्र पहिल्याच आठवड्यात कळतं, की स्क्रीनवरचा झगझगीत निळा सीएमवायके, म्हणजे छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईत मलूल उतरतो. काजूच्या पाकिटावर, दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर एकच लोगो टिकवायचा तर लहानात लहान आकार, भोवतीची मोकळी जागा, एकरंगी रूप आधी ठरवावं लागतं. देवनागरीची शिरोरेषा शेजारच्या रोमन अक्षरांशी कुठे जुळवायची, हेही. आयडेंटिटी सिस्टम म्हणतात ती हीच!

घरची परिस्थिती साथ देत असेल तर मी कॉलेजच सुचवेन. सुट्टीत मात्र छापखाना गाठाच.