मिशिगनचा प्लेऑफ सामना: मैदानावर, घरी की गावातल्या बारमध्ये?

मिशिगन विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीच्या, जवळपास पोहोचला, की अ‍ॅन आर्बर, कँटन, नोव्हाय या पट्ट्यातल्या मराठी घरांत डिसेंबरमध्ये एक चर्चा हमखास सुरू होते: सामना बघायचा कुठे? विमानाची तिकिटे काढून थेट मैदानावर जायचे, घरी दिवाणखान्यात बसायचे, की गावातल्या एखाद्या स्पोर्ट्स बारमध्ये गर्दीत उभे राहायचे? हे तिन्ही प्रकार मी केलेले आहेत आणि माझा कल कुठे आहे हे पुढे लपणार नाही. तरीही प्रत्येकाच्या घरची माणसे, खिसा आणि सवयी वेगळ्या असतात, हे गृहीत धरूनच हा आढावा वाचावा. तिकिटांचे दर, पडद्याचे आकार आणि पार्किंगची सोय यांविषयी मी लिहिणार नाही. ती माहिती आपल्याला सहज मिळेल.

तुलनेसाठी एकच सामना डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे, आणि तो अर्थातच १ जानेवारी २०२४ चा, पासाडेनातला रोझ बोल, म्हणजे त्या हंगामाचा उपांत्य सामना. मध्यंतराला १३–१० असे पुढे असलेले मिशिगन चौथ्या क्वार्टरमध्ये अलाबामाविरुद्ध १३–२० असे मागे पडले होते. पाचेक मिनिटांहून कमी वेळ उरलेला असताना मिशिगनचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, जे. जे. मॅकार्थी याने संघाला ७५ यार्ड पुढे नेले, १ मिनिट ३४ सेकंद बाकी असताना रोमन विल्सनने टचडाऊन करून, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेऊन, बरोबरी साधली, ओव्हरटाइममध्ये ब्लेक कोरम १७ यार्ड धावून गोलरेषेपार गेला आणि अलाबामाचा गोलरेषेपासून तीन यार्डांवरून केलेला शेवटचा प्रयत्न अडवला गेला. २७–२०. त्याआधीच्या सलग दोन वर्षी उपांत्य फेरीतच हरलेल्या संघाच्या पाठीराख्यांसाठी या आकड्यांचा अर्थ काय होता, हे वेगळे सांगायला नको.

निवड करताना सामना कोणता आहे याहीपेक्षा तो कसा वळण घेऊ शकतो याचा विचार करावा, असे मला वाटते. एकतर्फी विजय कुठेही बघितला तरी चालतो. जेवता जेवता, पाहुण्यांशी बोलत, अगदी दुसऱ्या दिवशी ठळक क्षणचित्रांतसुद्धा. हरता हरता जिंकलेला सामना तसा बघता येत नाही, कारण त्याची सगळी गंमत पुढे काय होणार हे माहीत नसण्यात आहे, आणि हे माहीत नसणे आपल्या बाजूच्या सगळ्या माणसांनी एकाच वेळी सोसण्यात आहे. पाठीराख्यांचा जल्लोष म्हणून जे आपण बघतो, ते मुख्यतः त्या सोसण्याचे सुटणे असते. तेव्हा तिन्ही जागा मी याच एका कसोटीवर तपासणार आहे.

आधी मैदान. या कसोटीवर ते निर्विवाद पहिले येते, कारण तिथे प्रसंग आणि आरोळी यांच्यामध्ये काहीच नसते. परंतु हे सामने आपल्या गावी होत नाहीत. रोझ बोल कॅलिफोर्नियात, फिएस्टा बोल अ‍ॅरिझोनात, आणि तारखा बऱ्याचदा ३१ डिसेंबर किंवा १ जानेवारीच्या, म्हणजे विमाने सर्वांत महाग असतात तेव्हाच्या. त्यातून तटस्थ मैदानावर निम्मे प्रेक्षक समोरच्या संघाचे असतात, त्यामुळे आपला आनंद अर्ध्या मैदानाचाच असतो. मला स्वतःला अधिक खुपली ती वेगळी गोष्ट. ३१ डिसेंबर २०२२ ला ग्लेनडेलमध्ये टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात मी स्टँडमध्ये होतो. रोमन विल्सनने झेल घेतला, टचडाऊन दिला गेला, आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडलो, आणि मग पंचांनी रिप्ले तपासायला घेतला. मोठ्या फलकावर तोच तुकडा पुन्हा पुन्हा दिसत होता, पण कोणत्या बाजूने निर्णय झुकतो आहे हे सांगणारे कोणी नव्हते. घरी बसलेल्यांना मात्र समालोचकांच्या जोडीला असलेले नियमांचे जाणकार सगळे समजावून देत होते. शेवटी चेंडू गोलरेषेच्या जरासा अलीकडे ठरला, पुढच्याच डावात, म्हणजे पुढच्याच चालीत, तो हातातून सुटला आणि प्रतिस्पर्ध्यांकडे गेला. तो सामना आपण ५१–४५ असा हरलो. हरल्यामुळे मैदानावर राग काढतो आहे, असे कोणी म्हणेल. त्यात थोडे तथ्य असेलही. पण जाहिरातींसाठी खेळ थांबतो तेव्हा मैदानावर जी पोकळी तयार होते, ती जिंकलेल्या सामन्यातही तितकीच लांब असते.

आता घर. घराच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि मी ते मोकळेपणाने मान्य करतो. डेट्रॉईटच्या वेळेनुसार २०२४ चा रोझ बोल संध्याकाळी पाचला सुरू झाला. मुले घरी, बाहेर गोठवणारी थंडी, स्वयंपाकघरात गरम भजी, ज्याला खेळात रस नाही त्याला दुसऱ्या खोलीत जायची मुभा. नवख्या माणसाला चौथ्या डाउनचे (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या शेवटच्याचे) गणित शांतपणे समजावून सांगायचे असेल, तर याहून चांगली जागा नाही. समालोचन स्पष्ट ऐकू येते. शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत, जे बारमध्ये फ्राइज आणि अनियन रिंग्ज यांवर रात्र काढताना होतात.

आणि तरीही मी घरी बसत नाही, याचे कारण एकच आहे, आणि ते इतके क्षुल्लक वाटण्यासारखे आहे की सांगताना संकोच वाटतो. आमच्याकडे केबल नाही. बहुतेकांकडे आता नसते. सामना ईएसपीएनवर होता, त्यामुळे खिडकीत लावलेल्या अँटेनाचाही उपयोग नव्हता, आणि आम्ही तो इंटरनेटवरून बघत होतो. इंटरनेटवरून येणारे चित्र लहान लहान तुकड्यांत बांधून पाठवले जाते, मध्येच अडखळू नये म्हणून आपल्या पेटीत त्याचा थोडा साठा आधी जमवला जातो, आणि मगच ते पडद्यावर येते. केबलचे चित्र मैदानाच्या काही सेकंदच मागे असते. आमचे, घड्याळ न लावता सांगायचे तर, चांगले अर्धा मिनिट मागे होते.

पहिल्या तीन क्वार्टरमध्ये हे जाणवतही नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये १३–२० असे मागे असताना, स्वतःच्याच ३३ यार्डांच्या रेषेवर चौथा डाउन आणि दोन यार्ड, अशी वेळ आली. हा डाव फसला असता तर सामना तिथेच संपल्यात जमा होता. पडद्यावर खेळाडू अजून रांगेत उभे राहत होते, मॅकार्थी हात हलवून कोणाला तरी जागा दाखवत होता, आणि टेबलावरचा फोन थरथरला. पुण्यातला माझा भाचा, जो इथे शिकून परत गेला आणि पहाटे साडेतीनपासून जागा होता, त्याचा एका शब्दाचा संदेश: ‘वाचलो!’ त्यानंतर मॅकार्थीने कोरमकडे चेंडू फेकला, कोरम २७ यार्ड पुढे गेला, आणि आम्ही सगळ्यांनी तो डाव शिळी बातमी वाचावी तसा बघितला. वाचणार हे कळल्यावर वाचण्यात काय उरते?

फोन बंद ठेवावा, असे आपण म्हणाल. मीही तो उलटा करून सोफ्याच्या उशीखाली ठेवला. पण आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजाऱ्यांकडे केबल आहे. विल्सन बरोबरीच्या टचडाऊनसाठी धावायला लागायच्या आधीच छतावर धपधप उड्या पडल्या, पाठोपाठ एक लांब किंकाळी. आमच्या पडद्यावर त्या वेळी जाहिरातीनंतरचे मैदानाचे दृश्य दिसत होते. हा दोष आपल्या घरातल्या शिस्तीने जाणारा नाही, कारण आनंद भिंतींतून आणि छतांतून येतो, आणि ज्या गावात प्रत्येक तिसऱ्या दारावर निळ्या रंगावर पिवळा ‘एम’ लावलेला आहे, तिथे तो सगळीकडून येतो. पाठीराख्यांच्या गावात राहण्याचा एरवीचा फायदा इथे उलटा पडतो.

ओव्हरटाइम सुरू होण्याआधी जो थोडा वेळ मिळतो, तेवढ्यात मी जाकीट अंगावर चढवून रस्त्यापलीकडच्या बारमध्ये गेलो. ‘मुलांनाही घेऊन जा’ असे घरून सुचवले गेले, पण त्या वेळी तिथे मुलांना प्रवेश नव्हता, आणि बारच्या विरोधातला हा मुद्दा मी मुळीच कमी लेखत नाही.

बारविषयी एक गैरसमज दूर करतो. विद्यापीठाच्या गावातला बार म्हणजे ओरडणारी विद्यार्थ्यांची झुंड, असे अनेकांना वाटते. १ जानेवारीला विद्यार्थी सुट्टीवर असतात. विद्यापीठाचे हिवाळी सत्र सुरू व्हायला अजून अवकाश असतो. त्या रात्री आत होती ती गावातली माणसे: रुग्णालयातून पाळी संपवून थेट आलेले कर्मचारी, १९९७ चे विजेतेपद आठवणारे निवृत्त लोक, माझ्यासारखे परदेशातून येऊन इथलेच झालेले काही जण. बसायला जागा नव्हती. समालोचनाचा शब्द कळत नव्हता, बिअरचा वास कोटाला लागला तो दोन दिवस गेला नाही, आणि माझ्या पुढ्यात एक उंच गृहस्थ होते, त्यांच्या खांद्यावरून जेवढे दिसले तेवढेच मी बघितले. मोजमापाच्या भाषेत बोलायचे तर बार जवळजवळ प्रत्येक रकान्यात घरापेक्षा कमी ठरतो.

कोरमने टचडाऊन केला तेव्हा मात्र आरोळी कुठून सुरू झाली हे सांगता आले नसते, कारण ती सगळीकडून एकदम झाली. मग अलाबामाचा डाव: चौथा डाउन, तीन यार्ड, क्वार्टरबॅक जेलन मिलरो. स्नॅप, म्हणजे डाव सुरू करताना मागे दिलेला चेंडू, खाली गेला, मिलरोने चेंडू उचलून सरळ मधोमध मुसंडी मारली आणि माणसांच्या ढिगात तो दिसेनासा झाला. त्यानंतर मी जे बघितले ते घरी कधीच बघायला मिळाले नसते. कोणीही लगेच ओरडले नाही. सगळ्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्यात नियमभंगाचा पिवळा झेंडा पडल्याची खूण येते का, हे शोधत होती. एक वर्षापूर्वी ग्लेनडेलला शेवटच्या डावानंतरही पंच रिप्ले तपासत बसले होते. ती भीती त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या अंगात मुरलेली होती. मिशिगनचे खेळाडू मैदानभर धावायला लागले, झेंडा आला नाही, आणि मग जे झाले त्यात समोरचे उंच गृहस्थ वळून मला उचलायला निघाले होते. शेजारचे एक आजोबा ओरडले नाहीत की उठले नाहीत. त्यांनी फक्त डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. काही वेळाने रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न सुरू झाले.

बारमध्येही एक खाचखळगा आहे आणि तो निवडीच्या वेळी उपयोगी पडेल. त्या बारमधला एक कोपऱ्यातला पडदा बाकीच्यांपेक्षा मागे चालत होता, बहुधा इंटरनेटवर, आणि त्याच्यासमोरची मंडळी प्रत्येक वेळी बाकी खोली ओरडून झाल्यावर खेळाडू उभे राहताना बघत होती. त्यांची अवस्था आमच्या घरापेक्षा वाईट होती, कारण त्यांनी तर जागेसाठी लवकर येऊन पैसेही मोजले होते. तेव्हा आत शिरल्यावर मोठ्या पडद्यासमोर उभे राहावे, आणि पडदे केबलवर आहेत का, हे काउंटरवर विचारून घ्यावे. प्रश्न विचित्र वाटला तरी तिथल्या माणसांना तो कळतो.

इतके सांगूनही सगळ्यांनी बारमध्येच जावे, असे मी म्हणणार नाही. लहान मुले असतील, घरी वडीलधारी माणसे असतील, किंवा गर्दीचा त्रास होत असेल, तर घरच बरे. फक्त त्या महिन्यापुरती केबल घेता आली तर घ्यावी, किंवा ज्या मित्राकडे ती आहे त्याच्याकडे भज्यांचे पीठ घेऊन जावे. गेल्या काही दिवाळ्यांत ज्यांच्याकडे फराळाला गेलो नाही, अशा घरी जायचे ते एक चांगले निमित्तही आहे. ज्यांचे इथे कोणीच नाही आणि ज्यांच्या वरच्या किंवा खालच्या मजल्यावर कोणाकडे केबल नाही, त्यांना अर्ध्या मिनिटाचा उशीर कदाचित जाणवणारही नाही, मात्र फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा लागेल.

मैदानाच्या बाबतीत एक बदल लक्षात घ्यायला हवा. २०२४ च्या हंगामापासून प्लेऑफमध्ये बारा संघ असतात आणि पहिल्या फेरीचे सामने पाचव्या ते आठव्या मानांकनाच्या संघांच्या घरच्या मैदानावर, डिसेंबरात होतात. मिशिगनच्या वाट्याला असा सामना आला, तर १,०७,६०१ आसनांच्या आपल्याच मैदानावर, जवळजवळ सगळे प्रेक्षक आपलेच असताना, पिछाडीवरून परतण्याचा क्षण कसा असेल, याची कल्पना करता येते. त्या दिवशी मी बारमध्ये नसेन. उपांत्यपूर्व फेरी आणि त्यापुढचे सामने मात्र पूर्वीसारखेच दूरच्या मैदानांवर होतात, आणि त्यांच्यासाठी माझे जाकीट दाराजवळच टांगलेले असते.