रोज सगळा डेटा भरायचा की फक्त नवा?

निपाणीचा एक मित्र पेचात पडलाय: उसाच्या वजनपावत्या डेटा वेअरहाऊसमध्ये (अहवालांसाठीच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये) रोज रात्री सगळ्या नव्याने भरायच्या (पूर्ण लोड), की फक्त नव्या-बदललेल्या (वाढीव लोड)?

वेळ बघाल तर हंगाम चढल्यावर दुसरा मार्गच परवडतो. पण दुरुस्तीचं काय? पूर्ण लोड मध्येच पडला तर टेबल रिकामं करून पुन्हा चालवा, विषय संपला. वाढीव लोडला 'शेवटचा बदल' सांगणारा कॉलम भरवशाचा लागतो, आणि डिलीट झालेली नोंद त्यालाही दिसत नाही. आमच्याकडे काट्यावर एक चुकीची पावती थेट डिलीट झाली; मूळ टेबलातून गेली, वेअरहाऊसमध्ये मात्र १२ टन ऊस तसाच राहिला. प्रश्न शेतकऱ्याच्या बिलाचा होता, हिशेब जुळेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. शिवाय तोच लोड दोनदा चालला तर पावती क्रमांकावर मर्ज (नोंद असेल तर बदला, नसेल तर घाला) हवंच, नाहीतर नोंदी दुप्पट.

गावांच्या मास्टरचं, म्हणजे गावांच्या मूळ यादीच्या टेबलाचं, वेगळं. नोव्हेंबर २०१४ मध्ये बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. साध्या पूर्ण लोडने जुनं नाव पुसलं जातं. ते हवं असेल तर दोन्ही नावं तारखांसह ठेवा.

शेतकरी, गावं, वाहनं अशा छोट्या टेबलांना पूर्ण लोड. पावत्यांना वाढीव, आणि दर रविवारी वेअरहाऊसमधल्या मागच्या महिनाभराच्या पावत्या पुसून पुन्हा भरा.