पेल ग्रँट की सबसिडाइज्ड लोन?

अमेरिकेत वाढलेली भाची विचारत होती, मामा कॉलेजच्या फीसाठी आधी काय घेऊ. पेल म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या विद्यार्थ्यांना अमेरिकी सरकारची मदत, ती परत करायची नसते, 2025-26 ला जास्तीत जास्त 7,395 डॉलर. सबसिडाइज्ड लोन म्हणजे सरकारी सवलतीचं कर्ज, पहिल्या वर्षी 3,500 पर्यंतच, शिकताना व्याज सरकार भरतं पण कॉलेज सुटलं की 6 महिन्यांनी हप्ते सुरू. खटपट सारखीच, दरवर्षी फाफ्सा फॉर्म (सरकारी शिक्षण-मदतीचा अर्ज), आणि मार्क घसरले तर दोन्ही जातं. पेल 12 सेमिस्टरपर्यंतच मिळते शिवाय रक्कम दरवर्षी अमेरिकी संसदेच्या बजेटवर ठरते, म्हणून कपातीपासून तीच वाचवायला हवी कारण ती कापली की गरीब घरातलं पोर सरळ कर्जात जातं. उत्पन्न कमी असेल तर आधी पेल पूर्ण घ्या, लोन उरलेल्या फीपुरतंच. पेलची सेमिस्टर संपलेल्यांना मात्र लोनच बरं.