बी650 मदरबोर्ड, सात-आठ महिन्यांनंतर: डिस्प्ले न येणं आणि यूएसबी तुटणं

बोर्ड चांगला आहे, हे आधी सांगतो. कारण पुढे बराच मजकूर तक्रारींचाच आहे आणि अर्ध्यावर वाचणं सोडणाऱ्याचा उलटा ग्रह व्हायला नको. एएम5 सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा), बी650 चिपसेट (बोर्डवरच्या जोडण्या सांभाळणारी चिप), त्यावर एएमडीचा रायझन 5 7600 प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मिरजेत माझी घरातच रेकॉर्डिंगची छोटी खोली आहे. तंबोरा, सतार, भजनी मंडळं, विद्यार्थ्यांचं गाणं, असं काम चालतं. सॅम्पल लायब्ररीसाठी, म्हणजे वाद्यांच्या आधीच रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या संग्रहासाठी, मेमरी भरपूर लागते, म्हणून मशीन जुळवतानाच 64 जीबी रॅम सांगितली होती. दुकानातून 16 जीबीच्या चार कांड्या बसवून आल्या. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बोर्डच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. जे सांगायचं आहे ते या चिपसेटच्या बहुतेक बोर्डांना लागू पडतं, नाव लिहिलं की चर्चा भलतीकडे जाते.

पावसाळ्यानंतर दोन गोष्टी सुरू झाल्या. सकाळी पहिल्यांदा मशीन चालू केलं की कधीकधी पंखे फिरायचे, दिवे लागायचे, पण स्क्रीन काळी. आणि दुसरं म्हणजे रेकॉर्डिंग चालू असताना ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज यूएसबीवरून मशीनमध्ये नेणारी पेटी) मध्येच गायब व्हायचा, विंडोजचा तो डिव्हाइस निघाल्याचा आवाज यायचा आणि टेक वाया. ज्याला विचारावं तो दोन्ही लक्षणं एकत्र ऐकून एकच निदान सांगे: बोर्ड गेला, बदलून घ्या. वॉरंटी होती, बदलून मिळालाही असता. पण मिरजेहून बोर्ड पाठवायचा म्हणजे तो परत येईपर्यंत खोली बंद. म्हणून आधी दोन्ही तक्रारी वेगळ्या केल्या. एकीचा दुसरीशी संबंध आहे असं गृहीतच धरलं नाही. सगळा उलगडा त्यामुळेच झाला, असं माझं ठाम मत आहे.

आधी डिस्प्लेचं. बोर्डच्या कडेला चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम (म्हणजे रॅम), व्हीजीए (डिस्प्ले), बूट. मशीन चालू होताना ते क्रमाने लागतात आणि विझतात. जो लागून राहील तिथे गाडी अडली. माझा डीरॅमचा पिवळा दिवा अडायचा. तरीही वीजपुरवठ्याची शंका आधी फेडून घेतली, कारण एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारी पेटी) कमजोर असेल तर लक्षणं कशीही दिसतात. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डचा स्वतःचा प्रोग्राम) आणि मल्टीमीटरने, दोन्हीकडे व्होल्टेज पाहिलं. एटीएक्सच्या मानकात या मुख्य पुरवठ्यांना 5 टक्के कमीजास्त चालतं, म्हणजे 12 व्होल्टची तार 11.4 ते 12.6 मध्ये आणि 5 व्होल्टची 4.75 ते 5.25 मध्ये हवी. दोन्ही नीट होत्या. सीमॉसची (बायोसची सेटिंगं जपणाऱ्या मेमरीची) सीआर2032 बॅटरीही 3 व्होल्ट दाखवत होती. मग रॅमकडे वळलो.

डीडीआर5 या नव्या पिढीच्या रॅममध्ये मेमरी ट्रेनिंग नावाचा प्रकार आहे, तो माहीत नसल्यामुळे कित्येक चांगले बोर्ड परत जात असतील. रॅमचा वेग इतका वाढलाय की सिग्नल नेमका कोणत्या क्षणी वाचायचा हे बोर्डला प्रत्येक कांडीसाठी, प्रत्येक तारेसाठी शोधून काढावं लागतं. नवीन रॅम लावल्यावर, बायोस बदलल्यावर किंवा सीमॉस साफ केल्यावर ही शोधाशोध पहिल्यापासून होते. तिला मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते. माणूस घाबरून बटण दाबून बंद करतो, आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. पहिल्यांदा मशीन लावलं की चांगली दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. चहा करून या.

माझ्याकडे मात्र दहा मिनिटं थांबूनही कधी यायचं, कधी नाही. इथे त्या चार कांड्या. रॅमच्या खोक्यावर वेग 6000 लिहिलेला, बोर्डच्या खोक्यावर तर त्याहून मोठा आकडा. पण मेमरी कंट्रोलर असतो प्रोसेसरच्या आत, आणि एएमडीने 7600 साठी जाहीर केलेला वेग दोन कांड्यांना 5200 आणि चार कांड्यांना 3600 आहे. हो, चार लावल्या की 3600! त्यावर जे चालेल ते आपल्या जबाबदारीवर. एक्स्पो प्रोफाइल (रॅम खोक्यावरच्या वेगाने चालवणारं बायोसमधलं तयार सेटिंग) लावून चार कांड्या 6000 ला पळवणं म्हणजे ट्रेनिंग प्रत्येक वेळी काठावर पास होणार. गरम मशीनवर पास, रात्रभर थंड पडलेल्या मशीनवर नापास. सकाळीच का अडायचं, याचं उत्तर मला इथे मिळालं.

एक्स्पो बंद करून चारही कांड्या 3600 ला चालवल्या, तर एकदाही अडलं नाही. दुकानदाराला हे आकडे दाखवले. त्याने ऐकून घेतलं आणि थोडा फरक घेऊन 32 जीबीच्या दोन कांड्या दिल्या. त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावल्या. पहिल्या आणि तिसऱ्यात लावल्या तर तारेचं पुढचं टोक मोकळं राहतं आणि तिथून सिग्नल उलटा फिरून गोंधळ घालतो. मॅन्युअलमध्ये ही खाचांची आकृती असते, पण असं का ते कुणी लिहीत नाही. आता वेग 5600 वर ठेवलाय. 6000 ही चालतं, पण गवई समोर बसलेला असताना मला मशीनची परीक्षा बघायची नाही. मेमटेस्ट86 हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवला, एकही चूक आली नाही.

दोन सेटिंगं आणखी. मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर चालू केलं की बोर्ड मागच्या ट्रेनिंगचा निकाल जपून ठेवतो आणि मशीन झटकन सुरू होतं. पण त्याच्यासोबत पॉवर डाउन एनेबल हेही चालू ठेवा, नाहीतर काही मशीन विंडोजमध्ये निळा पडदा दाखवतात. आणि एक्स्पो लावण्याआधी बायोस नवा करून घ्या. 2023 च्या एप्रिलमध्ये काही एएम5 प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरच्या आतल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजला) 1.3 व्होल्टची मर्यादा घातली, ती नव्या बायोसमधूनच येते. जुना साठा विकला जातो तेव्हा बोर्डवर कोणता बायोस असेल सांगता येत नाही.

आता यूएसबी, आणि माझा खरा जीव इथे अडकलेला होता.

सुरुवातीला सगळ्यांनी जुनी गोष्ट सांगितली. 2021 च्या फेब्रुवारीत एएमडीने 500 मालिकेच्या चिपसेटवर यूएसबी अधूनमधून तुटतं हे जाहीरपणे मान्य केलं होतं आणि एप्रिलच्या सुमारास अजेसा (बायोसमधला एएमडीचा मूळ कोड) 1.2.0.2 मधून त्यावर उपाय यायला लागला. ते खरंच आहे, पण ती आधीची पिढी, एएम4 ची. तिथला दोष इथे चिकटवून मोकळं होता येत नाही.

ऑडिओवाल्यांना यूएसबीचा त्रास इतरांच्या आधी का जाणवतो, हे समजून घेण्यासारखं आहे. पेन ड्राइव्हवर फाइल जाताना एखादा तुकडा बिघडला तर तो पुन्हा पाठवला जातो, आपल्याला पत्ताही लागत नाही. ध्वनी ज्या पद्धतीने जातो तिला आयसोक्रोनस म्हणतात, तिथे वेळ पाळायची असते, पुन्हा पाठवणं नाही. तुकडा गेला तो गेला, कानाला ‘टक्’ ऐकू येतं. बोलण्यात ते एकवेळ लपेल, पण तंबोऱ्याच्या अखंड झंकारात एकही टक् लपत नाही. यूएसबी तपासायला मला तंबोऱ्याइतकं चांगलं साधन दुसरं मिळालं नाही. टक् ऐकू आलं की आधी लेटन्सीमॉन हा प्रोग्राम चालवून एखादा ड्रायव्हर सीपीयू अडवून धरत नाही ना, ते बघा. माझ्याकडे वायफायचा ड्रायव्हर थोडा दोषी निघाला, नवा टाकल्यावर निवळला. इंटरफेस पूर्ण तुटून परत जोडला जाणं मात्र राहिलंच.

मग एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘सर, पंखा बंद केला की जातंय बघा.’ अगदी बरोबर होतं. रेकॉर्डिंगआधी आम्ही पंखा बंद करतो, बटण खट् झालं की इंटरफेस गेला. प्रत्येक वेळी नाही, पण योगायोग म्हणता येणार नाही इतक्यांदा. पंख्याची मोटर बंद होताना बटणात ठिणगी पडते आणि तिचा धक्का घरच्या वायरिंगमधून फिरतो. चांगल्या घरात तो अर्थिंगमध्ये जिरतो. आमच्या वायरमन काकांनी सॉकेटला मीटर लावला: फेज ते न्यूट्रल 230 च्या आसपास, ठीक. फेज ते अर्थही तेवढंच यायला हवं, तर तिथे आकडा भटकत होता. भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडून बघितला तर तिसरी हिरवी तार जोडलेलीच नाही, आत गुंडाळून ठेवलेली. खोली नंतर काढलेली, तेव्हा ते राहून गेलं असणार.

कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात ना, त्या यामुळेच. एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला आणि एक न्यूट्रलपासून बॉडीला. अर्थ नसेल तर बॉडी मधोमध तरंगते, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास. प्रवाह अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण माझे स्पीकर दुसऱ्या खोलीतल्या अर्थ असलेल्या सॉकेटवर होते. त्यामुळे हा गळणारा प्रवाह आणि बटणाचा धक्का, दोघांनाही जमिनीकडे जायचा रस्ता ऑडिओच्या आणि यूएसबीच्या तारांतूनच होता. काकांनी तार जोडली आणि अंगणातला अर्थिंगचा खड्डाही बघितला. मीठ-कोळशाचा जुना खड्डा, कोरडा पडलेला. त्यात पाणी सोडलं, उन्हाळ्यात अधूनमधून सोडत राहा म्हणाले. त्या दिवसापासून पंख्याच्या बटणाने इंटरफेस गेलेला नाही.

आणखी एक फायदा झाला. रेकॉर्डिंगच्या तळाशी एक बारीक गुणगुण असायची, विजेच्या 50 हर्ट्झची. 50 हर्ट्झ पांढरी पाचच्या (पेटीच्या पट्टीवरून पडलेलं सुराचं नाव) खर्जाच्या जरा वर येतं. तंबोरा पांढरी पाचला लावलेला असेल तर ती षड्जात विरघळून जाते. पण काळी एकला गाणाऱ्याच्या मागे तीच गुणगुण तीव्र मध्यमाच्या जवळ जाऊन बसते. भूपात मध्यम नसतोच, आणि भूपाची तालीम रेकॉर्ड करताना मागे तीव्र मध्यम! आता तिथे शांतता आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. कंडेन्सर माइकसाठी 48 व्होल्टचं बटण दाबलं की इंटरफेस हलायचा, कारण ते 48 व्होल्ट यूएसबीच्या 5 व्होल्टमधूनच तयार होतात. यूएसबी 2.0 चा पोर्ट 500 मिलिॲम्पिअर देतो, आणि अ‍ॅडॉप्टर नसलेल्या हबवर तेवढ्यातच सगळ्यांनी भागवायचं. इंटरफेस हबवरून काढून थेट मागच्या पोर्टला लावला. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांची जाड केबल बोर्डवर ज्या 19 पिनांच्या जागी बसते तिथे ती सैल होती. पुढे लावलेली हार्ड डिस्क गायब व्हायची ती या केबलमुळे. वायरलेस माउस अडखळायचा त्याचं कारण वेगळं: यूएसबी 3.0 ची तार 2.4 गिगाहर्ट्झवर, म्हणजे असे माउस चालतात त्याच पट्ट्यात, गोंगाट करते, इंटेलने 2012 मध्येच त्यावर सविस्तर लिहिलं आहे. माउसचा डोंगल (यूएसबीत लावायचा त्याचा छोटा रिसीव्हर) एका छोट्या एक्स्टेन्शनवर घेऊन हार्ड डिस्कपासून लांब ठेवला, झालं. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही (वीज वाचवायला यूएसबी उपकरण झोपवणारं सेटिंग) बंद ठेवलंय.

मागचे सगळे पोर्ट सारखे दिसतात, पण ते एका जागेहून येत नाहीत. एएम5 मध्ये काही यूएसबी पोर्ट थेट प्रोसेसरमधून निघतात, बाकीचे चिपसेटमधून, आणि काही बोर्डांवर त्यापुढे आणखी एक हब चिप. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिव्हायसेस बाय कनेक्शन’ निवडलं की कोण कुणाच्या पोटात आहे ते दिसतं. इंटरफेस थेट प्रोसेसरच्या पोर्टावर एकटा ठेवला आणि कीबोर्ड, माउस, प्रिंटर सगळे चिपसेटकडे. ज्याचं पोट यूएसबी ऑडिओवर आहे त्याने बोर्ड घेण्याआधी मॅन्युअलमधली ही आकृती बघावी. माझ्या बोर्डच्या मॅन्युअलमध्ये ती नाही, आणि ही माझी कंपनीवरची सगळ्यात मोठी तक्रार आहे. आरजीबी (शोभेच्या रंगीत) दिव्यांना पानंच्या पानं दिलीत, मेमरी ट्रेनिंगला एक ओळ.

आजची स्थिती: 32 च्या दोन कांड्या, 5600, मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर चालू. थंडीतही सकाळी पहिल्या बटणाला डिस्प्ले येतो. अर्थ जोडल्यापासून आणि इंटरफेस मागे घेतल्यापासून एकही टेक तुटलेला नाही. राहिलेली एकच गोष्ट म्हणजे मशीन स्लीपमधून उठलं की इंटरफेस कधीकधी ओळखला जात नाही, केबल काढून घालावी लागते. सध्या स्लीप बंद ठेवून काम चाललंय. पुढचा बायोस आला की तो टाकून बघेन, आणि फरक पडला तर इथेच खाली लिहीन.