आंब्याच्या पेटीमागचे मेल: तारखेवर लावायचे, डिलिव्हरीवर की हातानेच पाठवायचे?

मामेभावाची देवगडजवळ बाग आहे. आंबे तो पिकवतो आणि वेबसाइट, ऑर्डरी, मेल, कुरिअरवाल्याशी भांडणं हे सगळं पुण्यात बसून मी बघतो, त्यामुळे दर फेब्रुवारीत कोणी ना कोणी ओळखीचा बागायतदार फोन करतोच की "ते ऑटोमॅटिक मेल लावायचेत, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" मी दरवर्षी तेच सांगतो, सॉफ्टवेअरचं नंतर बघू, आधी मेल सुटणार कशावर ते ठरव. एकतर कॅलेंडरवर सुटेल, नाहीतर ग्राहकाच्या ऑर्डरीत काहीतरी घडलं की सुटेल, नाहीतर तू स्वतः बोट दाबशील तेव्हा. आम्ही तिन्ही करून बसलोय म्हणून समोरासमोर ठेवतो.

कॅलेंडरवर लावलेली मालिका

सगळ्यात सोपी हीच. कोणी वेबसाइटवर नाव टाकलं की आज एक मेल, तिसऱ्या दिवशी दुसरा, सातव्या दिवशी तिसरा, एकदा लिहून ठेवलं की आपण मोकळे. ऑनलाइन कोर्सवाल्यांना किंवा विमावाल्यांना हे झकास चालतं कारण त्यांचा माल बारा महिने तयार असतो. आंबा कॅलेंडर वाचत नाही. पहिल्या वर्षी आम्ही १५ मार्चला 'आंबा तयार आहे' असा मेल लावून ठेवला, त्या वर्षी मोहोर उशिरा आला, वर अवकाळीने झोडपलं, १५ मार्चला झाडावर कैऱ्याच आणि मेल मात्र सकाळी ९ ला टायमावर गेला. पाडव्याला पेटी हवी म्हणून लोकांनी पैसे भरले आणि आम्ही दोघं पुढचे चार दिवस एकेकाला फोन करून माफी मागत होतो.

त्यामुळे कॅलेंडरवर माझ्याकडे आता एकच मेल उरलाय, नाव नोंदवल्या नोंदवल्या जाणारा. त्यात बाग कुठे आहे, काढणी कशी होते, दोन फोटो. हापूसला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तरी रस्त्यावर कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून सर्रास खपतो, तेव्हा नवीन गिऱ्हाइकाच्या मनात पहिला प्रश्न 'खरा आहे ना' हाच असतो आणि तो त्याने विचारायच्या आधी उत्तर गेलेलं बरं.

डिलिव्हरीवर लावलेले मेल

माझं मत इकडेच झुकतं, आधीच सांगून टाकतो. कारण आंब्याचा खरा संबंध पैसे भरताना तयार होत नाही, पेटी उघडल्यावर होतो. माणूस हौसेने पेटी उघडतो आणि आत काय, तर हिरवेगार कडक आंबे. बागेतून तसेच निघतात, पिकलेला आंबा एवढा प्रवास झेलत नाही, पण हे आपल्याला माहीत, त्याला नाही. तो लगेच फोन करतो नाहीतर, त्याहून वाईट, सगळे आंबे उचलून फ्रिजमध्ये टाकतो आणि मग ते नीट पिकतच नाहीत.

म्हणून पेटी पोचली त्याच संध्याकाळी पहिला मेल: आंबे पेंढ्यात पसरून ठेवा, एकावर एक रचू नका, फ्रिज नको, रोज एकदा हात फिरवून तयार झालेले बाजूला काढा. चार-पाच दिवसांनी दुसरा, अगदी दोन ओळींचा: वास सुटला का? साल किंचित सुरकुतली की खायला घ्या, आणि एखादा साका, म्हणजे आतून बिघडलेला, निघाला तर फोटो काढून याच मेलला उत्तर द्या. साका बाहेरून कळत नाही, कापल्यावरच कळतो, बागायतदारालाही कळत नाही, हे आपणहून लिहिलं की माणूस चिडायच्या ऐवजी फोटो पाठवतो, आणि आपण पुढच्या पेटीत दोन आंबे जास्त टाकले की तो आपला झाला. मग दहा दिवसांनी तिसरा, अजून पेटी हवी असेल तर. विकायचं काय ते तिथे, त्याआधी नाही.

पण ह्यातही आपटलोय. ट्रिगर, म्हणजे मेल कशावर सुटणार ते, लावला होता पेटी निघाल्याच्या तारखेवर, म्हणजे निघाली की अधिक दोन दिवस = पोचली असणार. एकदा कुरिअरच्या गोडाऊनमध्ये आमच्या चाळीसेक पेट्या पाच दिवस पडून राहिल्या, त्या चाळीस लोकांना दोन दिवसांनी पेंढ्याचा मेल आणि नंतर 'वास सुटला का' पण गेला. कोथरूडच्या एका आज्जींचा फोन आला, "अहो, पेटीचा पत्ता नाही आणि वास कसला विचारताय?" बरोबर होतं त्यांचं.

आमची साइट वूकॉमर्सवर, म्हणजे ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरवर, आहे. त्यात पैसे आले की ऑर्डर 'प्रोसेसिंग'ला जाते आणि 'कंप्लीट' आपण करतो. बहुतेक लोक पेटी पॅक झाली की कंप्लीट दाबून मोकळे होतात, आम्हीही तेच करायचो. आता कुरिअरकडून पोचल्याचं कळल्यावरच दाबतो आणि मेल सगळे त्या कंप्लीटवर बांधलेत. रोज संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं जातात, भाऊ कुरकुरतो, पण पेटी पोचायच्या आधी मेल गेलाय असं त्यानंतर झालेलं नाही.

हाताने, म्हणजे शेवटी व्हॉट्सॲप

मेल कोण बघतं हो, व्हॉट्सॲप करा, असं सगळे म्हणतात आणि अर्धं खरंय. साध्या बिझनेस ॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ जणांची, आणि मेसेज त्यांनाच जातो ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय, म्हणजे वर्षातून एकदा आंबे घेणाऱ्या बऱ्याच लोकांना जातच नाही आणि आपल्याला वाटतं गेला. मोठं एपीआयवालं, म्हणजे आपल्या सॉफ्टवेअरला जोडायचं व्हॉट्सॲप, घेतलं तर टेम्प्लेट, म्हणजे मेसेजचा साचा, आधी मंजूर करून घ्यायचं आणि मार्केटिंगच्या मेसेजला दर मेसेजमागे पैसे. ग्राहकाने आधी लिहिलं तर मात्र २४ तासांत आपण फुकट बोलू शकतो, आणि व्हॉट्सॲपची खरी ताकद ती आहे, बोलणं. साक्याचा फोटो मेलवर मागितला तरी दहातले आठ जण व्हॉट्सॲपवरच टाकतात, टाकू देत.

आता एक गोष्ट जी आम्हाला दोन सीझन कळली नाही. पैसे भरणारा आणि आंबे खाणारा वेगळा असतो. मुलगा न्यू जर्सीत, आईवडील डोंबिवलीत, ऑर्डर त्याची, पेटी त्यांच्याकडे. मेलचा पत्ता त्याचा, फोन नंबर त्यांचा. म्हणजे पेंढ्याची माहिती जायची त्या मुलाला, ज्याला त्याचा काही उपयोग नाही, आणि डोंबिवलीत आंबे फ्रिजमध्ये. आता चेकआउटला, म्हणजे पैसे भरायच्या पानावर, एकच खूण वाढवलीय, 'दुसऱ्याच्या घरी पाठवताय का?' खूण केली असेल तर त्याला फक्त 'पेटी घरी पोचली' एवढा मेल जातो आणि पेंढ्याचं व्हॉट्सॲप आईवडिलांना मी हाताने करतो. तो पोचल्याचा मेल आमचा सगळ्यात लाडका मेल आहे, लोक उलट लिहितात, आईने व्हिडिओ कॉलवर पेटी दाखवली वगैरे. फक्त वेळ सांभाळा. आपल्याकडे सकाळी ९ वाजता पाठवलं तर एप्रिल-मेमध्ये न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेअकरा असतात, संध्याकाळी साडेसहाला पाठवलं की तिथे सकाळचे ९.

मग सॉफ्टवेअर

शंभर-दीडशे गिऱ्हाइकं असतील तर काहीच घेऊ नका. साधं जीमेल दिवसाला ५०० मेल जाऊ देतं, शेड्यूल करता येतं, शीटमध्ये तारखा ठेवा आणि रोज दहा मिनिटं द्या. त्याच्या वर गेलात की ऑटोमेशन.

मेलचिंप दिसायला सगळ्यात गोड आणि शिकवणारे व्हिडिओ ढीगभर, पण पैसे कॉन्टॅक्टवर मोजतो, अनसबस्क्राइब केलेली, म्हणजे मेल नको म्हणून बाहेर पडलेली मंडळीसुद्धा आपण अर्काइव्ह करेपर्यंत मोजणीत धरतो, आणि फुकटचा प्लॅन जो एकेकाळी २००० कॉन्टॅक्टचा होता तो छाटत छाटत आणलाय. आंब्यासारख्या तीन महिन्यांच्या धंद्याला बारा महिने यादीचं भाडं भरणं मला पटत नाही. ब्रेव्हो, म्हणजे पूर्वीचं सेंडिनब्लू, तिथे हिशोब पाठवलेल्या मेलवर, यादी कितीही पडून राहो. फुकटमध्ये दिवसाला ३०० मेल. रोजच्या डिलिव्हरीच्या मेलना हे भरपूर पुरतं, पण 'बुकिंग सुरू' सगळ्यांना एकदम पाठवायचा दिवस आला की आमच्या साडेसहाशेच्या यादीला तीन दिवस लागतात, तेवढा एक महिना पैसे भरतो. झोहो कॅम्पेन्स चेन्नईवाल्यांचं, रुपयांत बिल, आणि तुमचा हिशोब आधीच झोहो बुक्सवर असेल तर दुसरीकडे बघूही नका. मला त्याचे स्क्रीन जरा गजबजलेले वाटतात, सवयीचा भाग असेल.

काहीही घ्या, स्वतःचं डोमेन, म्हणजे आपल्या वेबसाइटच्या नावाचा मेल पत्ता, हवंच. जीमेलचा पत्ता टाकून असल्या टूलमधून ढिगाने मेल पाठवायचे दिवस गेले, फेब्रुवारी २०२४ पासून गूगल-याहूने नियम कडक केलेत, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हे तिन्ही, म्हणजे मेल खरंच आपल्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या नोंदी, लावून घ्या, डोमेनवाल्याच्या पॅनेलमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे. एका क्लिकच्या अनसबस्क्राइबची सक्ती दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना आहे, पण स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा हे सगळ्यांनाच सांगितलंय. म्हणजे साडेसहाशे मेलमध्ये दोघांनी स्पॅम दाबलं की रेषा ओलांडली! तेव्हा बाहेर पडायची लिंक मोठ्या अक्षरात द्या, जाणारा जाऊ दे. आणि भाचीच्या लग्नाच्या यादीतून उचललेले पत्ते घुसडू नका (हे मी कोणाला सांगतोय ते त्याला बरोबर कळेल).

'उघडला नाही तर पुन्हा पाठवा' हा पर्याय सगळ्या टूलमध्ये असतो, तो मी बंदच ठेवतो. मेल उघडला हे टूलला त्यातलं चित्र लोड झालं की कळतं, पण २०२१ ला ॲपलने आयफोनच्या मेल ॲपमध्ये चित्रं आधीच लोड करायला सुरुवात केली, त्यामुळे न उघडलेले मेलसुद्धा उघडलेले दिसतात. उत्तरं किती आली ते मोजा. आणि उत्तर यायला पत्ता जिवंत पाहिजे, नो-रिप्लाय वगैरे भानगड नको.

नावाचंही सांगतो. मेलमध्ये आपोआप नाव भरायचं म्हटलं तर फॉर्ममध्ये लोकांनी आडनाव आधी, इनिशियल नंतर, सगळं इंग्रजी कॅपिटलमध्ये टाकलेलं असतं, मग 'नमस्कार' च्या पुढे ते आलं की लाइट बिल आल्यासारखं वाटतं. आम्ही नाव काढूनच टाकलं. नुसतं 'नमस्कार, पेटी पोचली ना?' आणि 'तुम्ही आंबे मागवलेत' असं लिहिलं की ताई की दादा हाही प्रश्न उरत नाही.

तर आत्ता सुरू करणार असाल तर ब्रेव्होवर दोनच मेल लावा, पोचल्या दिवशीचा आणि पाचव्या दिवशीचा, आणि मोहोर, पहिली काढणी, भाव हे सगळं हातानेच पाठवा, झाडाकडे बघून. आणि शेवटची पेटी गेल्यावर तो दहाव्या दिवशीचा 'अजून हवी का' असेल तर आधी बंद करा. आमचा एकदा चालू राहिला, ८ जूनला धो धो पावसात अकरा लोकांनी हो म्हटलं आणि बागेत आंबा नावाला नव्हता.